बोरीच्या पात्रात उतरलेला साहेब

साहेब अमळनेरला येणार हे कळल्या दिवसापासून माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो आणि गुपचूप नाटक लिहायचो. शाळेच्या वाचनालयात शिळी विलायती मासिकं यायची, त्यांत या साहेबाबद्दल कुठं चार ओळी सापडल्या तरी मी त्या वहीत उतरवून घ्यायचो. त्याचं अख्खं चरित्र मला पाठ होतं. लहानशा गावात मावशीच्या धोबीखान्यात वाढला, कारकुनी केली, नाटक लिहिलं, ते लंडनात गाजलं. मग मूकपट काढले, तेही गाजले. बोलपट आले आणि मासिकांतून त्याचं नावच दिसेनासं झालं.

मी त्याला पत्र धाडलं होतं. त्याचं उत्तर आलं! हिंदुस्थानातल्या गावांच्या सणांवर तो एक छोटं चित्र काढणार होता, तुमच्याकडं काय बघण्यासारखं आहे, असं विचारत होता. मी लिहिलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला या. माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात, गौराई बोळवायला बोरी नदीवर जातात, आणि दोन्ही काठांच्या बायका समोरासमोर उभ्या राहून गाणी म्हणतात.

'गाणी' हा शब्द मी जपून घातला होता. खानदेशात कुणालाही विचारा, त्या दिवशी नदीवर काय चालतं ते. दोन गावांच्या बाया एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात, ढेकळं फेकतात, आणि संध्याकाळी सगळं विसरून जातात. पुरुषांनी तिकडं फिरकायचं नाही. पण विलायतेच्या नाटककाराला हे कोण कळवणार? आपल्या गावाची अब्रू होती ना!

साहेब आला. उंच, पांढराफटक, बोलायला अगदी साधा. पहिल्याच दिवशी मी धीर करून माझ्या नाटकाचं इंग्रजी भाषांतर त्याच्या हाती दिलं. आयुष्यात दुसरं काही मागणं नव्हतं. हा माणूस म्हणाला असता 'लिहा', तर मी लिहिणार होतो. 'सोडा' म्हणाला असता, तर वही चुलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी डाकबंगल्यावर गेलो, तर साहेबानं चहा दिला, नाटकाबद्दल चकार शब्द काढला नाही.

दुपारी आम्ही बोरीकाठी बाभळीआड कॅमेरा लावून बसलो. पात्र कोरडं, मध्ये पाण्याची एक बारीक धार. अलीकडं आमच्या गावच्या लेकी, पलीकडं दुसऱ्या गावच्या. सुरुवातीला खरंच गाणी झाली. मी साहेबाकडं अभिमानानं पाहिलं. आणि मग पहिलं ढेकूळ आलं!

काय तो गलका! पदर खोचलेले, हात नाचताहेत, एकीच्या सात पिढ्या दुसरी उद्धरतेय. साहेबाला वाटलं दंगल झाली. मी "अहो, थांबा!" म्हणेपर्यंत तो पात्रात उतरला आणि दोन्ही हात वर करून मधोमध उभा राहिला. एक ढेकूळ खांद्यावर बसलं. मग पलीकडून एक खणखणीत आवाज आला.

"अरे टोपीवाया! तुन्ही मायनी तुले धुईसन वायत टाकं का रे? बठ्ठा रंग उडी गया!"

दोन्ही काठ हसून लोटपोट झाले. माझ्या मात्र अंगावर काटा आला, कारण तो आवाज माझ्या बायकोचा होता. तिचं माहेर पलीकडचं. तीन वर्षांच्या संसारात मी तिच्या तोंडून 'हो', 'नको' आणि 'जेवायला वाढलंय' याखेरीज काही ऐकलं नव्हतं.

मी धावत गेलो, साहेबाला ओढून बाभळीखाली आणलं आणि हा सण असाच असतो हे एकदाचं कबूल केलं. त्यानं विचारलं, "ती बाई काय म्हणाली?"

"तुमचं स्वागत केलं."

"स्वागतावर कुणी एवढं हसत नाही, मास्तर."

मी लाजत, अडखळत खरं भाषांतर केलं: तुझ्या आईनं तुला धुऊन वाळत टाकलं का, सगळा रंग उडून गेलाय. साहेब वाळूत बसून मांड्या थोपटत हसला. डोळे पुसत म्हणाला, "तुमचं नाटक मी दोनदा वाचलं. त्यात अशी एकही बाई नाही. सगळ्या तुमच्यासारख्या बोलतात. कोण आहे ही?"

"माझी बायको," मी म्हणालो. लाज वाटली आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

साहेबानं कॅमेऱ्याच्या पेटीतून माझे कागद काढले. मग म्हणाला, "माझ्या पहिल्या नाटकातलं एकूण एक वाक्य मी मावशीकडच्या धोबिणींकडून ऐकलेलं. पुढं नटांखेरीज कुणाचं ऐकेनासा झालो. चित्रं मुकी होती तोवर निभावलं. ती बोलायला लागली, तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं, की माणसं कशी बोलतात हे हा विसरलाय." त्यानं माझे कागद मला परत दिले. "तुम्ही एकटेच का लिहिता?"

'लिहा' नाही, 'सोडा' नाही. मला राग आला. चार दिवस मी वहीला शिवलो नाही.

बायको माहेरून परतल्यावर एका दुपारी तिला समोर बसवलं आणि पहिला अंक वाचून दाखवला. नवरा नायिकेला भरल्या घरात "तुला काय कळतं?" म्हणतो, आणि ती पानभर संस्कृतप्रचुर उत्तर देते. बायकोनं तोंडाला पदर लावला.

"असं कोन बोलस?" ती म्हणाली.

"मग तू काय म्हणशील?" मी टाक उचलून विचारलं.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. हसू गेलं. पदर खाली आला.

"तीन वरीस व्हयनात. तुम्ही माले एक गोठ इचारी नही."

माझा टाक कागदावरच राहिला. एक गोष्टही विचारली नाही, हे नायिकेचं वाक्य की तिचं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

"लिखा ना," ती म्हणाली, "थांबनात काबरं?"