आभार मी मानले नाहीत

म्हातारीच्या तोंडात मापाचा ट्रे होता. कवळी करायची होती. आतलं मऊ मिश्रण घट्ट होईपर्यंत ट्रे हलू द्यायचा नसतो. मी दोन बोटांनी दाबून धरून उभी होते. मागून सर आले. आमचे विभागप्रमुख.

"हात काढ."

"सर, अजून सेट झालं नाही."

"तुझी फी आली का सरकारकडून? मग? ती येईपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही. सरकारचे जावई! यांना सगळं फुकट पाहिजे."

ज्युनियर बघत होते. नर्स बघत होती. दुसऱ्या मुलीनं माझ्या जागी बोटं घातली. ट्रे सरकला, म्हातारीला उमासा आला. तिनं माझा ॲप्रन घट्ट धरला. मी तिची बोटं सोडवली.

आणि बाजूला झाले.

मी कामठीची. बाबा पॉवरलूमवर. आमच्या मोहल्ल्यात दातांची डॉक्टर झालेली मी पहिली. बीडीएसनंतर प्रवेशपरीक्षा दिली आणि राखीव जागेवर एमडीएसला, म्हणजे स्पेशालिस्टच्या शिक्षणाला, लागले. कॉलेज खाजगी, नागपूरच्या बाहेर, हायवेला. आमची फी सरकार शिष्यवृत्तीतून कॉलेजला देतं. ती येईपर्यंत कॉलेजनं आमच्याकडं मागायची नाही, असा नियम आहे. नियम सगळ्यांना पाठ. पण शेवटच्या वर्षी निधीच आला नाही.

कॉलेज म्हणे, सरकारकडून आणा, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही. सरकारी ऑफिसात म्हणत, मंजूर आहे, वरून निधी आला की येईल. वर म्हणजे कुठं? कोणालाच माहीत नव्हतं. मी दोन्हीकडं खेटे घालत राहिले. बसमध्ये रडत राहिले.

शेवटी बाबा आले. सुट्टी टाकून, लग्नाकार्यातला शर्ट घालून. कॉलेजच्या ऑफिसातल्या साहेबासमोर खुर्ची रिकामी होती. बसा म्हणाला नाही. बाबा हात जोडून उभे.

"साहेब, पोरीले परीक्षेले बसू द्या. सरकारचा पैसा येऊन राहिला."

साहेबानं मोबाईलमधून मान वर केली नाही. "झेपत नव्हतं तर बीडीएसवर थांबायचं होतं. प्रत्येकालाच कशाला स्पेशालिस्ट व्हायचंय?"

"हो साहेब," बाबा म्हणाले.

परतताना ऑटोत मी विचारलं, "बाबा, तुम्ही काहून हो म्हटलं?"

ते बाहेर बघत होते. "मंग काय म्हणू वं?"



मग संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस आला. सरांनी आम्हा शिष्यवृत्तीवाल्या पाच जणांना बोलावलं. अध्यक्षसाहेबांचं मन मोठं आहे, म्हणाले, ते तुम्हाला परीक्षेला बसू देणार आहेत. "स्टेजवर तू बोल. नीट आभार मान."

मी तयार झाले होते. खोटं कशाला सांगू? परीक्षा पाहिजे होती. आभाराची वाक्यं मी आरशासमोर म्हणून बघितली होती.

माझ्या आधी अध्यक्ष बोलले. आमच्याकडं हात करून हसत म्हणाले, "ही आमची मुलं. यांना आम्ही फुकट शिकवतो." हॉलभर टाळ्या. माझ्या शेजारची चौघंही टाळ्या वाजवत होती. खाली मान घालून.

पाठ केलेलं सगळं गेलं. माइक हातात आला तेव्हा मी म्हणाले, "आम्ही फुकट शिकत नाही. शिष्यवृत्ती आमचा हक्क आहे."

माइक बंद झाला.

"ती वेळेवर आली नाही हा आमचा गुन्हा नाही. मी आभार मानणार नाही." हे फक्त पुढच्या रांगेनं ऐकलं. खाली उतरताना कठडा धरावा लागला.

चौघं परीक्षेला बसली. माझं नाव विद्यापीठाकडं गेलंच नाही. त्यातली एक मैत्रीण म्हणाली, "तुझ्यापायी आमचंही गेलं असतं." तिचं काही चुकलं नाही. तिच्याही घरी असाच बाप आहे. माझी बॅच स्पेशालिस्ट होऊन निघून गेली, मी तिथंच राहिले. आणि निधी आला. परीक्षा संपल्यावर.

यंदा पहिल्या वर्षाच्या दोन मुलींना सरांनी तसंच बाहेर काढलं. पेशंटसमोरच. त्या माझ्याकडं आल्या. आम्ही एका वकीलबाईंना भेटलो. कॉलेजविरुद्ध कोर्टात जाता येतं, त्या म्हणाल्या, पण नाव कोणाचं टाकायचं? मुली एकमेकींकडं बघायला लागल्या.

बाबा म्हणतात, "आधी डिग्री घे वं. मंग लढ." त्यांची भीती खरी आहे. माझी त्याहून मोठी. यंदाच्या परीक्षेत माझं प्रॅक्टिकल सरांच्याच विभागात आहे. ते नापास करू शकतात. करतील. मी पुन्हा बसेन. परत करतील. परत बसेन.

याचिकेत पहिलं नाव माझं आहे. ते मी मागं घेणार नाही.