एक कुलूप, एक किल्ली

श्रीहरी पुराणिक लापरवाह होता, असं चौकशीच्या कागदावर लिहिलंय. लिहिणाऱ्याच्या तोंडात... जाऊ द्या. त्या कागदाखाली साक्षीदार म्हणून सही माझीच आहे. रामभाऊ, सबस्टेशन ऑपरेटर, तहसील सांवेर. तेव्हा शिवी द्यायची तर आधी मलाच द्यावी लागेल.

आधी माणूस कसा होता ते सांगतो. घर शहरात, छत्रीबागेत. आजोबा मिलमध्ये कारकून, वडील मास्तर, आणि हा निघाला विजेच्या खांबावर चढणारा! बत्तीस वर्षं रोज मोटारसायकलवरून सांवेरला आला. माणसांची नावं विसरायचा, पण कोणत्या खांबावरून कोणाची विहिरीवरची मोटार चालते, तोंडपाठ. कोणी चोरून आकडा टाकलेला दिसला की शेतातच उभा राहून ओरडायचा, "दादा, मरना है क्या? अपने घर मरो, मेरी लाइन पे नहीं!" आणि मग त्याच घरी बसून पोहे खायचा. असा होता.

तेव्हा वीज आमच्या सहकारी संस्थेची होती. शेतकरीच सभासद. वार्षिक सभेत अध्यक्षाला उभं करून झापायचे, आम्हालाही सोडायचे नाहीत. एका वर्षी आमचा एक लाइनमन खांबावर असताना कोणीतरी लाइन चालू केली, जागीच गेला बिचारा. त्या सभेत कोणी चहासुद्धा प्यायला नाही. ठराव झाला, एक कुलूप, एक किल्ली. जो खांबावर जाणार त्यानं स्वतः सबस्टेशनवर येऊन स्विच पाडायचा, दांड्याला कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात घालून जायचं. तो परत येऊन कुलूप काढेपर्यंत लाइन बंद. शेतकरी कुरकुर करायचे, पण थांबायचे. वर चढलेला माणूस कोण, ते प्रत्येकाला माहीत असायचं.

मग म्हणे सुधारणा आल्या. संस्था मोडली, काम कंपनीकडे गेलं, कंपनीनं ते ठेकेदाराला दिलं. आम्ही तेच, खांब तेच, फक्त आम्ही अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटाचे झालो. ठेकेदाराला एकच कळतं, लाइन किती मिनिटं बंद राहिली. तासाच्या वर गेली की त्याला दंड. काम करताना तारेला लावायची अर्थिंगची साखळी असते, चुकून करंट आलाच तर तो जमिनीत जावा म्हणून. ती तुटली. श्रीहरीनं सहा महिन्यांत चार अर्ज दिले. "मिल जाएगी काका," एवढंच उत्तर. मी म्हटलं, साखळीशिवाय चढू नकोस. तर मलाच म्हणाला, "असू द्या हो रामभाऊ, किल्ली माझ्या खिशात आहे ना!"

हीच ती चूक. आमच्या संस्थेत वाढलेला माणूसच असली चूक करणार. त्याला वाटायचं, किल्ली एकच आहे.

ती एकच राहिली नव्हती. ठेकेदाराचा सुपरवायझर विक्रांत मला म्हणाला होता, "भिया, एक डुप्लिकेट बनवून ठेवा. काकांना सांगू नका, भडकतील." माझं वय एकसष्ट, कंत्राट दिवाळीला संपणार. मी बसस्टँडजवळ जाऊन मुकाट्यानं बनवून आणली. श्रीहरीला रोज सांगायचं ठरवायचो, आणि रोज घाबरायचो.

सप्टेंबरातली दुपार. सोयाबीन उभं होतं, लाइनवरचा चिनी मातीचा इन्सुलेटर फुटला होता. श्रीहरीनं स्विच पाडला, कुलूप लावलं, गेला. पंचावन्नाव्या मिनिटाला विक्रांतचा फोन आला, "काम हो गया, काका उतर गए, चालू करो."

मी म्हटलं, "तो अजून आला नाही."

"अरे यार, मेरी बात हुई ना उनसे!"

बात झालीच नव्हती. मी डुप्लिकेट लावली, कुलूप काढलं, स्विच वर केला. श्रीहरी अजून वरच होता. दुसऱ्याच क्षणी लाइन ट्रिप झाली, आणि मला कळलं.

कागदावर आलं, लाइन बंद न करताच चढला, स्वयं की लापरवाही. विक्रांत म्हणाला, "वो तो गए, आप क्यों मरते हो?" मी सही केली. थू माझ्या जिंदगीवर!

चौदाव्या दिवशी छत्रीबागेत गेलो. शैलजावहिनी, श्रीहरीची बायको, फोटोसमोर बसली होती. म्हणाली, "रामभाऊ, तेरा दिवस मी यांच्याशी भांडतेय. जन्मभर मला सांगितलं, काळजी करू नकोस, माझ्याइतका सावध कोणी नाही. आणि लाइन बंद न करता चढले? माझा विचार नाही आला?"

मग मी सगळं सांगितलं. डुप्लिकेट, फोन, सही, सगळं. वाटलं, चप्पल काढेल. काढली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "म्हणजे मी उगाच बोलले यांना." खूप वेळ तेच म्हणत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "उद्या चौकशीच्या साहेबांसमोर बोला. मी बरोबर येते."

बोललो. नोकरी संध्याकाळीच गेली, ती जाणारच होती. साहेब वाईट नव्हता, पाच पानं बयान लिहून घेतलं. वहिनी म्हणाली, "साहब, अब वो लापरवाही वाला शब्द काट दीजिए."

"जो लिखा जा चुका वो कटता नहीं, बहनजी. ये बयान पीछे जोड़ देंगे."

वहिनीनं फाईल मागून घेतली. पहिल्या पानावर नवऱ्याचं नाव, त्याच्यापुढे तो शब्द.

"पहिलं पान वाचून लोक फाईल मिटतात, साहेब," ती मराठीतच म्हणाली, "मागचं कोण वाचणार?"