झाकणाचा कोन

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. फुलपाड्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत उन्नती लॅपटॉपचं वायफाय बंद करत होती, चालू करत होती. सव्वाआठपर्यंत तिने ते नऊ वेळा केलं.

बाकीचं तिला पाठ झालं होतं. राउटरचा प्लग काढून अर्धं मिनिट थांबायचं, पासवर्ड पुन्हा घालायचा, मशीन बंद करून बटण दाबून धरायचं. कंपनीच्या मदत केंद्राने फोनवरून हेच चारदा करून घेतलं होतं. मोबाइलवर तेच वायफाय नीट चालत होतं, म्हणजे दोष लॅपटॉपच्याच पोटात. पण लॅपटॉप कंपनीचा. बाहेरून काही जोडावं तर यूएसबी बंद करून ठेवलेलं, उघडावा तर स्क्रूवर सील.

उन्नती एका विमा कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारींना टाइप करून उत्तरं देते. नऊ ते सहा, प्रत्येक उत्तर नव्वद सेकंदांत. आठवड्यात चौथ्यांदा संपर्क तुटला की घरून काम बंद आणि सोमवारपासून मालाडचं ऑफिस. बुधवारपर्यंत तीनदा तुटला होता. आज गुरुवार.

टेबलापासून दोन फुटांवर सासूबाईंची खाट. सुभद्राबाईंचं उजवं अंग पंधरा महिन्यांपासून लुळं आहे. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते. मार्चमध्ये एक दिवस ते राहून गेलं, तेव्हा पाठीला झालेली जखम भरायला दोन महिने लागले. नवरा संग्राम बोईसरच्या कारखान्यात बारा तासांच्या पाळीला असतो. दिवसा घरात या दोघीच. आपण मालाडला गेलो तर आईंना कोण वळवणार, हा विचार उन्नतीने सोमवारी केला होता, मंगळवारीही केला होता. गुरुवारी तो नुसता खोलीत होता, कपाटासारखा.

साडेआठला एरॉल आला. आगाशीत त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे, दहाला उघडतं. संग्रामने त्याला रात्री फोन केला होता. त्याने लॅपटॉपला हात लावायच्या आधी विचारलं, नेमका कधी तुटतो? मदत केंद्रासाठी वेळा लिहिलेला कागद उन्नतीने पुढे केला. सोमवार ११.०४. मंगळवार ३.०६. बुधवार १.०५.

एरॉलने कागद वाचला आणि खाटेवरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे कागदावर जाड पेनाने लिहिलेला कूस बदलायचा तक्ता होता : ९ उजवी, ११ डावी, १ उजवी, ३ डावी, ५ उजवी.

"या टायमाला तुम्ही काय करता, वहिनी?"

दोन्ही कागद उन्नतीनेच लिहिले होते. शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. ती उठली आणि रोज करायची तसं तळहाताने झाकण मागे ढकललं, खाटेपाशी उभं राहून स्क्रीन दिसावी म्हणून. या वेळी ते जरा जास्तच मागे गेलं आणि वायफायची खूण गेली. एरॉलने झाकण पुढे घेतलं. थोड्या वेळाने खूण परत आली.

अँटेना झाकणात असते, तो म्हणाला, आणि तिची वायर बिजागरीतून खाली जाते. त्याने बिजागरीच्या फटीत मोबाइलचा टॉर्च मारला, चिमटा घातला आणि तांबडा पडलेला एक दाणा काढून तळहातावर ठेवला.

"तांदूळ? लॅपटॉपला पन जेवायला वाढता काय?"

खंडेनवमीच्या अक्षता, उन्नतीने सांगितलं. घर यावर चालतं तर याची पूजा झालीच पाहिजे, असं सुभद्राबाईंनी धरून ठेवलं होतं. लॅपटॉप उघडाच त्यांच्या मांडीवर ठेवला होता. उजवा हात उठत नाही म्हणून डाव्याने कुंकू लावलं आणि डाव्यानेच अक्षता टाकल्या. त्या सगळीकडे सांडल्या. उन्नतीने संध्याकाळी पुसून घेतलं होतं. त्याला पाच आठवडे झाले.

खाटेवरून आवाज आला. शब्द जड होते, पण कळले.

"माझ्याच हातून ना?"

"हो," उन्नती म्हणाली. मग आणखी काही बोलायला हवं असं वाटून म्हणाली, "पुढच्या वर्षी नुसतं कुंकू लावा."

सुभद्राबाईंनी मान हलवली.

झाकण रोज मागेपुढे होऊन दाण्याने वायर हळूहळू चेपली होती. सील असल्यामुळे ती बदलता येणार नव्हती. एरॉलने झाकण खूण पक्की राहील त्या कोनात आणलं आणि मागे टेकू मागितला. उन्नतीने मोठ्यांच्या डायपरचा न फोडलेला पुडा दिला. आता झाकण ढकलायचं नाही आणि मिटायचंही नाही, एवढं बजावून तो गेला. आठ बावन्न झाले होते. तिने सासूबाईंना उजव्या कुशीवर केलं आणि वेळेत लॉगिन केलं.

अकराला अडचण उभी राहिली. खाटेपाशी उभं राहिलं की आता स्क्रीन दिसत नव्हती, आणि सासूबाईंना वळवायला सव्वा मिनिट लागतं. तिने ग्राहकाला लिहिलं, 'कृपया थांबा, माहिती तपासत आहे', आणि उठली. सासूबाईंना डावीकडे वळवलं, पाठीमागे उशी लावली, परत येऊन बसली. एक्क्याऐंशी सेकंद. ग्राहक थांबला होता. खूण जागेवर होती. एकला, तीनला, पाचलाही तिने हेच केलं.

सहाला तिने लॉगआउट केलं. हायसं वाटायला हवं होतं. तिने कुकर लावला. संग्रामचा मेसेज आला होता, चाललं का? तिने लिहिलं, 'चाललं.'

लॅपटॉप टेबलावर उघडाच आहे, मागे पुडा. उद्या शुक्रवार. नऊला लॉगिन, अकराला डावी कूस.