हिरामणमामा आणि जुईचा पट्टा

हिरामणमामा कुठल्याही वस्तूबद्दल मत देण्याआधी तिच्यावर तळहात ठेवायचे. शेजाऱ्यांचा नवा फ्रिज असो, लिफ्टचं दार असो, नाहीतर माझ्या भावाने नुकतीच आणलेली स्कूटर. ती सुरू करायला सांगायचे, डोळे मिटून हात ठेवायचे आणि मग निकाल द्यायचे. एकदा त्यांनी आमच्या सेक्रेटरींना सांगितलं, की लिफ्टची तब्येत बरी दिसत नाही. सेक्रेटरी हसले. दोन दिवसांनी तेच तासभर आत अडकून पडले, आणि त्यानंतर मामांच्या हाताला सोसायटीत वजन आलं.

बाळकुमला आमची इमारत उभी आहे ती जागा एकेकाळी मामांचं शेत होती. त्या बदल्यात मिळालेल्या पहिल्या मजल्यावरच्या घरात ते एकटेच राहत. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण जमीनवाला म्हणून त्यांनी कधी तोरा मिरवला नाही. कुणी विचारलं तर "मी बँजोवाला" एवढंच सांगायचे. गावच्या बँजो पार्टीत त्यांनी तीस वर्षं बेस गिटार, म्हणजे खर्जात धडधडणारी चार तारांची गिटार, वाजवली होती, हळदीच्या टेम्पोत, पुरुषभर उंचीच्या स्पीकरला पाठ लावून. त्यात डावा कान पूर्ण गेला आणि उजवा अर्धामुर्धा उरला. "कान खोटा सांगल, हात नाय सांगनार," हे त्यांचं आवडतं वाक्य.

मी भावाकडे राहते, चौथ्या मजल्यावर. त्याच्या मुलीचं जुई हे नाव आत्या म्हणून मीच ठेवलं, त्यामुळे तिच्या बाबतीत मला दोन हक्क जास्तीचे आहेत असं मी समजते. तेराव्या वर्षात असताना जुईने अचानक बेस गिटारचा हट्ट धरला आणि भावाने तिला एक जुनी आणून दिली. दोन महिन्यांत घरात वातावरण तापलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई रोज वर येऊन सांगायच्या, की तुमच्या त्या धडधडीने आमच्या देवघरातली समई हलते. भावाचं म्हणणं, गिटार शिकायची तर गाणं ओळखू येईल अशी शिकावी. वाढदिवसाला ही देऊन टाकू आणि कीबोर्ड आणू, असं त्याने जाहीर करून टाकलं. आणि जुई एक दिवस मला म्हणाली, "आत्या, मीच सोडते. ज्यांना ऐकायला हवं त्यांना ऐकू येत नाही, आणि ज्यांना ऐकू येतं ते तक्रार करतात."

हे बोलताना ती डावा खांदा चोळत होती. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. मला एवढंच कळलं, की पोरगी हातची जातेय आणि वाढदिवसाला आठ दिवस आहेत. भेट अशी द्यायची की तिने गिटार सोडता कामा नये.

आता माझं शहाणपण ऐका. मला वाटत होतं, चार तारांची गिटार ही नवशिक्यांची, जशी लहान मुलांची तीन चाकांची सायकल. शिकून झालं की माणूस सहा तारांवर जातो. तेव्हा सरळ सहा तारांची घ्यावी, पोरीला बढती मिळाल्यासारखं वाटेल. जिन्यात मामा भेटले तेव्हा मी मोठ्या अभिमानाने हा बेत सांगितला.

"सुमन," ते म्हणाले, "सहा तारांची पोरा गल्लोगल्ली हायेत. हलदीला बायका नाचतान ना, त्या या चार तारांवर नाचतान."

मग ते तडक वर आले. जुईला गिटार घ्यायला सांगितली आणि स्पीकरच्या खोक्याची वायर काढून टाकली. गिटारचं वरचं टोक, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात, ते त्यांनी माझ्या वडिलांच्या सागवानी कपाटाला टेकवलं. वाजव म्हणाले. तिने वाजवली आणि कपाट आतल्या साड्यांसकट गुणगुणायला लागलं. जुईला स्वतःचा प्रत्येक सूर ऐकू येत होता. मी धावत तिसऱ्या मजल्यावर गेले. त्या बाई निवांत भाजी निवडत होत्या. समई हलत नव्हती.

निम्मं काम झालं. भेटीचा प्रश्न राहिला, तेव्हा मामांनाच घेऊन आम्ही कल्याणला वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एकेक वस्तू काढून दाखवायला सुरुवात केली. मामांनी सगळ्यांवर हात ठेवून सगळ्या बाजूला सारल्या. मग त्यांनी भिंतीवरची एक बेस गिटार जुईच्या खांद्याला अडकवायला लावली, आम्हा दोघांसाठी चहा सांगितला आणि जुईला म्हणाले, उभी राहा. पोरगी अर्धा तास उभी. दुकानदार घड्याळ बघतोय, मामा बशीत चहा ओतून पिताहेत, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. शेवटी त्यांनी मला तिच्या कुर्त्याचा गळा जरा सरकवून खांदा बघायला सांगितला. पट्ट्याखाली लालभडक वळ उठला होता.

"खांदा रडला तं बोटा काय वाजवतील?" मामा म्हणाले. "दोन महिने पोर वजन उचलतेय आनि तुम्ही तारा मोजताव."

मला स्वतःचीच लाज वाटली. ती खांदा चोळत होती ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुकानातले सगळे पट्टे मामांनी बोटांनी चाचपले आणि नाकारले. अरुंद आहेत, काचतील. आम्ही हात हलवत परत आलो आणि वाढदिवसाला तीन दिवस उरले.

दुसऱ्या दिवशी मामा दारात उभे राहिले. हातात कापडाचा एक रुंद पट्टा होता. मामींच्या हिरव्या लुगड्याच्या सात घड्या एकावर एक घालून घट्ट टाचलेला. मामांचा खांदा सुजायला लागला तेव्हा मामींनी तो हाताने शिवला होता. तीस वर्षांपैकी वीस वर्षं त्यांनी त्याच पट्ट्यावर गिटार पेलली होती. टोकं मात्र झिजून गेली होती. मी म्हटलं, "मामा, हा तुमच्याकडेच राहू द्या. मामींचा हात आहे याला."

"हात लावून बघ," ते म्हणाले. "अजून नरम हाय. पेटीत ठेवून ऱ्हाईल काय नरम?"

माजिवड्याच्या एका चांभारदादांकडून मी त्याला नवी चामड्याची टोकं लावून घेतली. वाढदिवसाला जुईने तो अडकवला, आरशासमोर उभी राहिली आणि बसलीच नाही. भाऊ म्हणाला, अगं केक तरी काप. तिने गिटार न उतरवताच केक कापला. कीबोर्डचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

पुढच्या वाढदिवसापर्यंत मामांचा उजवा कानही गेला होता आणि त्यांचा मुक्काम पलंगावर होता. जुई गिटार घेऊन खाली गेली. वरचं टोक तिने त्यांच्या लाकडी पलंगाला टेकवलं आणि वाजवायला लागली. मामांनी पलंगाच्या कडेवर तळहात ठेवला, डोळे मिटले. आम्हाला वाटलं, आता कौतुक करतील.

"घाई करतंस, बाय," ते म्हणाले. "पुन्ना."

तिने पुन्हा वाजवलं. सहा वेळा वाजवून घेतलं त्यांनी. सहाव्यांदा मात्र हात तसाच ठेवून झोपी गेले. गणपतीनंतर महिन्याभरात मामा गेले. मला ते फार जवळचे होते, आणि हे त्यांना मी कधी सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं.

गेल्या हिवाळ्यात जुईच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन ठाण्याच्या एका सभागृहात झालं. ती मागच्या रांगेत उभी होती, हिरवा पट्टा तेवढा उठून दिसत होता. पुढे गाणारी मुलगी, ढोलकी, दोन गिटारी, शिट्ट्या. त्या गदारोळात भाऊ मान वाकडी करून म्हणाला, "आपली काही ऐकूच येत नाही गं." मी त्याला गप्प केलं आणि पुढच्या खुर्चीच्या लाकडी पाठीवर तळहात ठेवला. डोळे मिटले.

जुई घाई करत नव्हती.