नवऱ्याशेजारची जागा

मृतांच्या स्मरणदिनी संध्याकाळी आमच्या चर्चमागच्या दफनभूमीत प्रत्येक थडग्यावर मेणबत्ती लावतात. यंदा मी पोहोचलो तेव्हा माझ्या पत्नीच्या थडग्यावर ती आधीच जळत होती. शेजारी वाकून फिलुमावशी आपल्या नवऱ्याच्या थडग्यावर दुसरी लावत होत्या.

माझी पत्नी गेली तेव्हा आम्ही या गावात नवखे होतो आणि दफनभूमीत जागा उरली नव्हती. नवऱ्याशेजारची एवढी एक जागा मावशींनी कितीतरी वर्षं स्वतःसाठी राखली होती. त्यांनी फादरांना सांगितलं, "तिथे तिला ठेवा." त्या तिला ओळखतही नव्हत्या.

त्यागाविषयी मी पुष्कळ वाचलं आहे, वाक्यांखाली रेघा मारल्या आहेत. तरी त्या दिवशी मावशींच्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो, हे मला ठाऊक आहे.

"मावशी, तुम्हाला वाईट नाही वाटलं?" मी धीर करून विचारलं.

"वाटलं ना. घरी जाऊन रडले." त्यांनी मेणबत्ती मातीत घट्ट रोवली. "मग म्हटलं, जन्मभर माझी बडबड ऐकून त्यांचे कान किटलेत. जरा निवांत पडू देत बिचाऱ्यांना."

"आणि तुम्ही?"

"मला कुठेही ठेवा रे. थडग्यातून उठायचंय तर सगळ्यांना एकाच दिवशी."

तेवढ्यात वारा आला. मावशींनी चटकन दोन्ही हातांचा आडोसा केला, तो माझ्या पत्नीच्या ज्योतीला. शेजारची विझली.

ती पुन्हा पेटवायला मी गुडघे टेकले.