भाऊजींची जागती झोप

झोप ही शिकायची गोष्ट आहे असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. बाकीचं जग आडवं पडतं आणि झोपतं. आमचे भाऊजी त्यासाठी सराव करत. जागेपणातून थेट स्वप्नात शिरायचं, मध्ये क्षणभरही शुद्ध हरपू द्यायची नाही, आणि आत पोचल्यावर ‘हे स्वप्न आहे’ हे पक्कं ध्यानात ठेवून हवं तिथे हिंडून यायचं, असा त्यांचा बेत होता. ठाण्याला आगगाडी येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, लोक मुंबईला जाऊन दिवेलागणीला परत येत. भाऊजींना त्याहून लांब जायचं होतं, तेही जेवण झाल्यावर, सतरंजीवरून.

मी तेव्हा नौपाड्यात अक्काकडे राहत होतो आणि भाऊजी ज्या सरकारी कचेरीत कारकून होते तिथेच उमेदवारी करत होतो, म्हणजे बिनपगारी लेखणी झिजवत होतो. भाऊजी चाळिशीचे, अंगाने काटकुळे, आणि स्वभावाने इतके भित्रे की वाटेत कुत्रं बसलेलं असलं तर त्याला वळसा घालून जात आणि वर त्याचीच क्षमा मागितल्यासारखं बघत. मोडी अक्षर सुरेख होतं, पण त्याचं कुणी कौतुक केलं की त्यांना घाम फुटे.

ही विद्या त्यांना कुणा साधूने दिली नव्हती. बाळकुमच्या मिठागरांची मोजणी लिहून घ्यायला ते गेले होते, तिथे बांधावर एक म्हातारा आगरी उताणा पडलेला त्यांना दिसला. डोळे मिटलेले आणि एक हात कोपरापासून सरळ वर. भाऊजींनी घाबरत विचारलं, “बाबा, बरं वाटत नाही का?” तो डोळे न उघडता म्हणाला, “आंग निजवलंय. मी जागा हाय. भरती आली तं समजलं पायजे ना.” उभा हात म्हणजे राखणदार. झोप वरचढ होऊ लागली की हात कलतो आणि माणूस सावध होतो. असं करता करता अंग झोपतं आणि आपण जागे राहतो. “मंग जावा कुठं पन,” तो म्हणाला. “मी तं रोज आयशीकडं जाऊन येतो. तिला मरून लय वर्सं झाली.” भाऊजी मोजणी अर्धी टाकून घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता तो धरून त्यांनी अभ्यास सुरू केला.

त्या अभ्यासाने घराची जी दैना केली ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. पडल्यावर खाज सुटली तरी खाजवायचं नाही, कारण अंग हललं की सगळं मुसळ केरात. मग नाकावर बसलेली माशी उडवायला अक्काने पंखा घेऊन उशाशी बसायचं. हात कधी कुठे कोसळेल याचा नेम नसे. एकदा तो ताकाच्या भांड्यात पडला, एकदा माझ्या ताज्या धुतलेल्या पागोट्यावर. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या; त्यांनी ताठ हात आणि उलटलेली बुबुळं पाहिली आणि वैद्यबुवांना घेऊन आल्या. वैद्यबुवांनी नाडी न बघताच वात ठरवून टाकला आणि हाताला कढत एरंडाची पानं बांधली. भाऊजींनी मुकाट बांधून घेतली. “झोपायचा प्रयत्न करतोय, असं त्यांना कसं सांगायचं?” असं नंतर मला म्हणाले.

पण एके दिवशी जमलं. भाऊजी उठून बसले ते चेहरा उजळूनच. कानात भुंगा घुमला, अंग शिशासारखं जड झालं, पापणीमागे रंग आले, रंगांचं तळं झालं, आणि ते आपले तळ्यावरून पायीपायी पलीकडे गेले. आणि सगळा वेळ सतरंजीची नक्षी पाठीला टोचत असल्याचंही त्यांना कळत होतं. अक्का म्हणाली, “तळ्यावर गेला होतात तर घागरभर पाणी तरी आणायचं.” मी पोट धरून हसलो. त्यानंतर भाऊजी सुटीच्या दिवशी काशीला जात, समुद्राच्या तळाशी जात, ढगात बसत. आणि जागेपणी कुत्र्याला वळसा घालत.

आमच्या कचेरीत खरा झोपणारा माणूस वेगळाच होता. शिरस्तेदारसाहेब दुपारी लोडाला टेकत आणि घोरत. आम्ही सात कारकून तेवढा वेळ टाकाचा आवाज होणार नाही अशा बेताने लिहीत असू. त्या साली बाळकुमला उधाणाने बांध फुटला. बांधाला सरकारी जमिनीतली माती मिळावी असा अर्ज घेऊन तोच म्हातारा आगरी आला आणि अंगणातल्या चिंचेखाली बसला. तीन दिवस बसला. खारं पाणी रोज आत येत होतं, आणि अर्ज शिरस्तेदारांच्या लोडाखाली होता. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं, कारण लोड जरा उंच व्हावा म्हणून तो तिथे सारताना आम्ही त्यांना पाहिलं होतं.

तिसऱ्या दुपारी भाऊजी दप्तरखान्यात पेटाऱ्याला टेकून हात उभा धरून बसले होते. थोड्या वेळाने ते उठून बाहेर आले. चाल नेहमीची नव्हती, घरातल्या घरात हिंडावं तसे सैल चालत ते शिरस्तेदारांसमोर जाऊन उभे राहिले आणि नेहमीपेक्षा मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाले, “रावसाहेब, उठा. तो माणूस तीन दिवस बाहेर बसलाय, आणि त्याचा अर्ज आपल्या बुडाखाली आहे.” शिरस्तेदारांनी डोळे उघडले. भाऊजी शांतपणे पुढे म्हणाले, “आपण आता म्हैस व्हाल. होऊन घ्या, मी थांबतो.” शिरस्तेदार म्हैस झाले नाहीत, नुसतेच लाल झाले. तेव्हा भाऊजींनी लोड बाजूला केला, अर्ज काढून माझ्या पुढ्यात ठेवला, आणि खिडकीतून खाडीवर उडत जाण्यासाठी एका पेटाऱ्यावर चढून हात पसरले. ते उडाले नाहीत. पाय मुरगळला, कळ मस्तकात गेली, आणि जमिनीवर बसल्या बसल्या त्यांचा चेहरा पांढराफटक पडत गेला. गलबला ऐकून आतल्या खोलीतून शिरस्तेदारांचे वरचे साहेब बाहेर आले. त्यांनी अर्ज मागितला. मी दिला, एवढाच माझा पराक्रम. बाकी पाच जण मान खाली घालून लिहीत होते. काय लिहीत होते कोण जाणे.

माती त्याच दिवशी मिळाली. भाऊजींची बदली महिन्याच्या आत कल्याणला झाली, हुद्दा एक पायरी खाली. निरोप द्यायला कचेरीतलं कुणी आलं नाही. म्हातारा आगरी तेवढा टोपलीभर काकड्या घेऊन आला, आणि ओटीवर न चढता खालूनच भाऊजींच्या सुजलेल्या पायाकडे बघत उभा राहिला.

वर्षभराने मी कल्याणला गेलो. भाऊजींनी अभ्यास सोडला होता. अक्काने काही म्हटलं नव्हतं, पण तिचं ठाण्यातलं घर आपल्यामुळे सुटलं असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. जेवणं झाल्यावर ओटीवर आम्ही दोघं बोलत बसलो, ते उन्हं उतरेपर्यंत. मी विचारलं, “भाऊजी, त्या दिवशी खरंच स्वप्न वाटलं होतं?”

त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मग म्हणाले, “जागेपणी माझी हिंमत झाली असती, असं तुला वाटतं?”

पाणी प्यायला मी आत गेलो तेव्हा अक्का तांदूळ निवडत होती. हळूच म्हणाली, “त्यांना सांगून बघ रे, पुन्हा पडत जा म्हणावं दुपारचं. ठाण्याबाहेर मी पाहिलंय काय? हे कल्याण. उठल्यावर सांगायचे, ते ऐकायला बरं वाटायचं.” आम्ही दोघांनी ज्या स्वप्नांची इतकी टर उडवली ती अक्का मन लावून ऐकतही होती, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

भाऊजी दारात उभे होते. त्यांनी ऐकलं असावं. आत येऊन ते पाटावर बसले, घसा साफ केला, आणि जरा अडखळत म्हणाले, “आज दुपारी अचानक ती झोप लागली बघ. नर्मदेवर गेलो होतो. पाणी काय निवळ होतं म्हणून सांगू.”

सबंध दुपार ते माझ्याशी बोलत बसले होते. पापणीसुद्धा मिटली नव्हती. हे मला ठाऊक होतं, आणि स्वयंपाकघरातून आमचं बोलणं ऐकणाऱ्या अक्कालाही. तिने सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि विचारलं, “घाट केवढा होता?”