शेवटच्या पट्ट्यातला बिबट्या

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! माणसानं एवढं जळू नये. पण मी जळलो. पार कोळसा झालो!

कुंभार पिंपळगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. वीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. सासरी मान काय होता म्हणता! "आमचे थोरले जावई फोटोग्राफर हायेत," असं मामा, म्हणजे माझे सासरे, आल्यागेल्याला सांगायचे.

मग धाकट्या जावयानं, माझ्या साडूनं, घात केला. हा दत्ता ट्रॅक्टरवर ऊस वाहतो. अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडं जाताना त्याला बांधावर बिबट्या दिसला. पठ्ठ्यानं मोबाइल काढला आणि खटकन फोटो मारला. पंचक्रोशीत फिरला हो तो फोटो! मामांनी तो बैठकीत लावला. मोठा करून फ्रेम कुणी केली? मीच! वर काचही मीच पुसली.

दिवाळीला मामा पाहुण्यांना सांगत होते, "आमचे धाकटे जावई लई भारी फोटो काढतेत." आणि मी? मी तिथंच करंजी हातात धरून बसलोय!

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही कधी बिबट्या काढला का हो?"

"शेकड्यानं नवरदेव काढले की!"

"ते कुठं पळून जातेत!"

झालं. आता बिबट्या काढल्याशिवाय सासरचा चहा प्यायचा न्हाई, असं ठरवून टाकलं.

मामांच्या मळ्यात ऊसतोड चालू होती. चारी बाजूंनी तोड आत सरकते आणि जनावर शेवटच्या पट्ट्यात अडकतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. सकाळी तोडणारे न्याहारीला बसले, तेवढ्यात मी गुपचूप त्या पट्ट्यात शिरलो. कुणाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर दत्ता आधी पोचला नसता का? डोक्या-पाठीवर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पांघरलं. मोठी लेन्स लावली आणि रांगत निघालो.

थोड्या वेळानं बाहेर बोंब उठली. "बिबट्या! आरं, आत ऊस हालून राह्यला!"

 मला आनंद किती झाला! इथंच आहे की!

"बांधाकडं निघाला!" बाहेरून आवाज.

मीही बांधाकडं निघालो.

"आरं, जल्दी चालला!"

मीही जोर लावला.

"थांबला, थांबला!"

मीही थांबलो. कॅमेरा डोळ्याला लावला. काहीच न्हाई! मी थांबलो की तो थांबतो, केवढं हुशार जनावर!

"विहिरीच्या अंगाला वळला!"

मी नुकताच तिकडं वळलो होतो. आता तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या न्हाई आलं! माझ्या डोक्यात फक्त दत्ताची फ्रेम.

एवढ्यात बाहेर पत्र्याचे डबे बडवायला लागले. फटाक्यांची एक माळ माझ्या मागं येऊन फुटली. मी चारी पायांवर... म्हणजे हातापायांवर, थेट मोकळ्या रानात!

समोर अख्खं गाव. काठ्या, कोयते, बायका ट्रॉलीवर चढलेल्या. सगळ्यात पुढं मामा, काठी उगारून.

"मारू नका! जावई हाय मी!" मी ओरडलो.

मामांची काठी तशीच वर राहिली. "कोन्ता?" त्यांनी विचारलं.

"थोरला!"

तेवढ्यात ट्रॉलीवरून आवाज आला, "दाजी, इकडं बघा!"

मी बघितलं. वीस वर्षं मीच लोकांना इकडं बघा म्हणतोय, सवयीनं बघितलं! खटक. दत्ता!

दुसऱ्या दिवशी तो फोटो घेऊन स्टुडिओत हजर. "दाजी, मामांनी फ्रेम करायला सांगितलंय. बिबट्याच्या बराबर शेजारी लावायचाय."

मी फोटो मोठा करून खोट शोधायला बसलो. उजेड चुकला असेल, हात हलला असेल, काहीतरी असेलच ना? तासभर बघितलं. पाचटाचं पान न् पान स्पष्ट, डोळ्यांतली भीतीसुद्धा फोकसमध्ये.

कॅमेऱ्यासमोर मी होतो, याचं दुःख न्हाई हो. वीस वर्षांत असा फोटो मला एकदाही जमला न्हाई!